लवकर पटणं वेगळं, फसवलं जाणं वेगळं

घरात बारावीचं किंवा स्पर्धा परीक्षा देणारं मूल असेल, तर त्याच्या इंग्रजीच्या वहीत क्रेड्युलस आणि गलिबल हे दोन शब्द बहुधा लागोपाठ सापडतील. दोन्हींपुढे अर्थ एकच लिहिलेला असतो: भोळा. परीक्षेत तेवढ्यावर निभावतं. पण तुमच्या हातात फोन आहे, खात्यात थोडेफार पैसे आहेत आणि घरात वयस्कर माणसं आहेत. तुम्हाला या दोन शब्दांतला फरक नीट माहीत असायला हवा.

क्रेड्युलस म्हणजे ज्याला ऐकलेलं लगेच खरं वाटतं. पुरावा थोडा असला तरी त्याला पुरतो. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. तोही ते मनापासून खरं मानत असतो.

गलिबल म्हणजे ज्याला फसवता येतं. इथे समोर फसवणारा लागतोच. गल या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थच मुळी फसवणं.

बोलताना इंग्रज माणूसही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. तरी घराच्या दृष्टीनं ते वेगळे ठेवलेले बरे. कारण दोन्हींबाबतची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

मुलांना जाता जाता आणखी एक सांगून ठेवा. क्रेडिबल म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, आणि क्रेड्युलस म्हणजे पटकन विश्वास ठेवणारा. बातमी क्रेडिबल असते किंवा नसते. ती क्रेड्युलस कधीच नसते, ते आपण असतो. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या विश्वास ठेवण्याच्या क्रियापदावरून आले. बँकेतलं क्रेडिटही तिथलंच. आपला श्रद्धा हा शब्द त्याच मुळाशी जोडलेला आहे, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. तेव्हा विश्वास ठेवणाऱ्या माणसाला कमी लेखू नका. विश्वासाशिवाय शेजार टिकत नाही, दुकानदाराची उधारी चालत नाही. प्रश्न फक्त तो किती घाईनं ठेवायचा एवढाच आहे.

आधी लवकर पटण्याविषयी बोलू.

तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार आठवत असेल. गणपती दूध पितो, अशी बातमी सकाळी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत देशभर पोचली. तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते. मुख्यतः घरचे फोन आणि माणसांची तोंडं यांवरून ती पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातलं दूध खरोखर कमी होत होतं, ते हजारोंनी डोळ्यांनी पाहिलं. मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे खेचलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. साधं दूध ओघळताना नजरेत येत नव्हतं, रंगीत आलं.

त्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला क्रेड्युलस म्हणता येईल. गलिबल म्हणणं मात्र चूक. त्याला कुणी लुबाडलं नव्हतं. गणपतीवरची भक्ती हा तर वेगळाच विषय, तिच्याबद्दल इथे काही म्हणायचं नाही. थोडं दूध गेलं, अर्धा दिवस गेला, एवढंच.

दहा रुपयांच्या नाण्याचंही तसंच. अमुक छापाचं नाणं खोटं आहे, अशी आवई उठली आणि कित्येक ठिकाणी दुकानदार ते घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी चालतात. तरीही नाणं परत करणारी माणसं नंतर भेटतच राहिली. यात नुकसान रोजच्या कमाईवर जगणाऱ्याचं होतं. भाजीवालीनं गिऱ्हाइकाकडून घेतलेलं नाणं संध्याकाळी किराणावाल्यानं नाकारलं, तर तिनं काय करायचं?

पण कधी कधी आपल्या लवकर पटण्याची किंमत दुसऱ्याला जिवानं मोजावी लागते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे गाव आपण विसरता कामा नये. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागतो. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या भागात फोनवर फिरत होते. लोकांनी या पाच जणांना तेच समजून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे जमावानं त्यांना ठार मारलं. ते कुणाचंही मूल पळवायला आलेले नव्हते.

त्या वर्षी मुलं पळवण्याचे व्हिडिओ देशात सगळीकडे फिरत होते. त्यातला एक फार पसरला होता. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीतला होता, मुलांची काळजी घ्या हे आईबापांना सांगण्यासाठी बनवलेला. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणी तरी कापून टाकला. कापणाऱ्याची नियत वाईट होती, हे उघड आहे. पण पुढे पाठवणारे कोण होते? बहुतेक तुमच्याआमच्यासारखे आईबाप. स्वतःच्या लेकरांच्या काळजीनं त्यांनी तो पाठवला. मनात वाईट काहीच नसताना हातून एवढं मोठं वाईट घडू शकतं, हे मला या सगळ्यात सर्वांत भीतीदायक वाटतं.

म्हणून पुढे पाठवण्याआधी थोडं थांबा.

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपाच्या वर दोन बाण दिसले, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला आहे असं समजा. पाठवणारी तुमची बहीण असेल, पण लिहिणारी ती नाही. लिहिणारा कोण, हे तिलाही माहीत नाही. बहिणीवरचा भरवसा त्या अनोळखी माणसाला देऊ नका.

एकच प्रश्न विचारायची सवय लावा: कशावरून? तू स्वतः पाहिलंस का? कुठल्या गावी घडलं, कधी घडलं? बहुतेक निरोपांत गावाचं नाव नसतं आणि तारीख तर नसतेच. ‘काल’ असं लिहिलेलं असतं. तो काल चार वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

निरोप वाचून फार राग आला किंवा फार भीती वाटली, तर तो रात्रभर तसाच राहू द्या. खरोखरच मुलांना धोका आहे असं वाटलं, तर ११२ वर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात विचारा. गावात अनोळखी माणूस दिसला, तरी काम तेच. त्याला प्रश्न विचारायचं काम पोलिसांचं आहे. जमाव जमू लागला तर तुमच्या घरातल्या तरुण मुलांना आधी घरी बोलवा.

औषधांच्या निरोपांबाबत कडक राहा. अमुक काढा घेतला की साखरेची गोळी बंद करता येते, असं कुणी लिहिलं म्हणून गोळी बंद करू नका. काढा प्यायचा तर डॉक्टरांना विचारून प्या. गोळी बंद करायची की नाही, हे सांगणारा एकच माणूस, तुमचा डॉक्टर.

आणि नात्यातल्या कुणी खोटी बातमी गटात टाकली, तर सगळ्यांदेखत त्यांचं माप काढू नका. त्यांना बाजूला फोन करा. “काका, ही बातमी जुनी आहे बरं का, मी पाहिलं,” एवढं म्हटलं तरी पुरे. चारचौघांत चूक दाखवली की माणूस ती चूक धरून बसतो.

आता दुसरा शब्द. इथे जरा जास्त लक्ष द्या, कारण इथे आपला एक मोठा गैरसमज असतो. ‘मी कशावरही विश्वास ठेवत नाही, मला कोण फसवणार?’ असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ज्यांनी आयुष्यभर कागदपत्रं बारकाईनं तपासली, असे निवृत्त अधिकारी फसले आहेत. डॉक्टर आणि प्राध्यापक फसले आहेत. अफवा त्यांच्यापुढे टिकली नसती. पण फसवणारा त्यांना काही पटवायला आलाच नव्हता. तो घाबरवायला आला होता.

डिजिटल अरेस्ट म्हणून जे चाललं आहे, त्याची रीत समजून घ्या. फोन येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर खातं उघडून काळा पैसा फिरवला गेला, असं सांगतात. मग व्हिडिओ कॉल. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली, कधी कधी न्यायालयही. तुम्हाला ‘अटक’ झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. शेवटी मुद्द्यावर येतात: तुमचे पैसे तपासणीसाठी या खात्यात पाठवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

यात कुठेही तुमची बुद्धी कमी पडत नाही. तुमची झोप, तुमची माणसं आणि तुमचा वेळ काढून घेतला जातो. एकटा, घाबरलेला, घाईत असलेला माणूस कितीही हुशार असला तरी चुकतो.

म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करवा. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यात नाही. कुठलेही पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनीही आपल्या रेडिओवरच्या भाषणात हेच सांगितलं होतं. असा फोन आला तर ठेवून द्या. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला खोटं पाडायला जाऊ नका. फोन ठेवणं हा गुन्हा नाही.

पुढची खूण लक्षात ठेवलीत तर निम्मं काम झालं. ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हणालं, की लगेच कुणाला तरी सांगा. मुलीला, शेजारच्या वहिनींना, खाली बसलेल्या वॉचमनला, कुणालाही. खऱ्या पोलिसाला तुमच्या मुलीला कळण्याची भीती नसते.

भीतीसारखंच लोभाचंही. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानापुढे गुंतवणूकदारांची गर्दी जमली. खडे घ्या, पैसे गुंतवा, दर आठवड्याला परतावा मिळेल, असं लोकांना सांगितलं होतं. परतावा थांबला तशी माणसं धावत आली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अशा योजनांत सुरुवातीचे हप्ते खरोखर हातात येतात, हे विसरू नका. त्या हप्त्यांमुळेच माणूस भावाला, नणंदेला, ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन येतो. इथे आपले दोन्ही शब्द एकत्र येतात. पहिल्याला भामट्यानं फसवलं. त्याच्यामागून आलेल्यांनी भामट्याचं तोंडही पाहिलेलं नसतं, त्यांनी आपल्या माणसाच्या शब्दावर पैसे घातलेले असतात. पैशांसोबत नातंही जातं.

शेअर बाजाराच्या नावानं चालणारे व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट याच वळणाचे. ते एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावतात. त्यात नफा वाढताना दिसतो, पण तो नुसता पडद्यावरचा आकडा असतो. थोडे पैसे काढून देतात, विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलात की आधी कर भरा म्हणतात. कुणाकडे पैसे गुंतवायचे असतील तर सेबीच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी आहे का, ते आधी बघा. स्वतःला जमत नसेल तर बँकेत जाऊन विचारा. बँकेच्या व्याजाच्या कित्येक पट परतावा ‘नक्की’ मिळेल, असं जो सांगतो, त्याच्याकडे एक रुपयाही ठेवू नका. थोडा ठेवून बघतो, असंही करू नका.

बाकीचे प्रकार रोजचे आहेत, ते चटकन सांगतो.

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकायला काढलात आणि गिऱ्हाईक म्हणालं, कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, तर तो सोफा त्याला विकू नका.

आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा, असा संदेश आला तर त्या नंबरवर फोन करू नका. बिलावर छापलेला नंबर आहे, तो लावा.

लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती एपीके नावाच्या फाइलमधून आली तर ती उघडू नका. पत्रिका चित्र म्हणून येते, अ‍ॅप म्हणून येत नाही. पाठवणारा ओळखीचा दिसला तरी आधी त्याला फोन करा. त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

बँकेचं काही काम निघालं तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. बँकेच्या खऱ्या संकेतस्थळाचा शेवट आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा असतो. इंटरनेटवर शोधून मिळालेला ग्राहक सेवेचा नंबर कधीही वापरू नका. तिथे भामट्यांनीही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

ऐकीव गोष्टीला ‘कशावरून?’ हा प्रश्न पुरतो. फसवणाऱ्यापुढे तो पुरत नाही, कारण त्याच्याकडे कागद, शिक्के, ओळखपत्रं, सगळं तयार असतं. त्याच्यापुढे दुसरा प्रश्न लागतो: मी आत्ता केलं नाही आणि उद्या केलं तर काय बिघडेल? खऱ्या कामात सहसा काही बिघडत नाही. ‘आत्ताच’ हवं असणारा माणूस बहुधा तुमचा हितचिंतक नसतो.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, ते सांगतो. घरात कुणी फसलं, तर त्यांना बोलू नका. एवढं शिकूनही कसं कळलं नाही, असं एकदा जरी म्हटलंत, तरी पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत. आणि पैसे परत मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती पहिल्या काही तासांत. लाजेपोटी कितीतरी माणसं हे तास घालवतात. दोन दिवस जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, आणि तोवर पैसा चार-पाच खात्यांतून फिरून निघून गेलेला असतो.

म्हणून कळल्याबरोबर १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथून बँकांना कळवलं जातं आणि पैसा वाटेत असेल तर अडवता येतो. फोन लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या बँकेला कळवायला सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. आलेले संदेश आणि नंबर रागाच्या भरात पुसू नका, तो पुरावा आहे.

बँकेला कळवण्याची घाई आणखी एका कारणासाठी. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं असतं. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणजे ओटीपी देऊन बसलात तरी गप्प राहू नका. तुम्ही कळवेपर्यंत जाणारा प्रत्येक रुपया तुमचा असतो.

कळवून झालं की त्या माणसाजवळ बसा. आजोबा असतील तर त्यांचा फोन काढून घेऊ नका. घरातला व्यवहार करण्याचा त्यांचा हक्क त्या एका चुकीनं जात नाही. हवं तर मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि रोजच्या खर्चाचं खातं लहान ठेवा. खात्यातून दिवसाला किती पैसे जाऊ शकतील, त्याची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन कमी करता येते. हे काम या आठवड्यातच करून टाका.

आणि १९३० हा आकडा आज मोठ्या अक्षरांत लिहून घरच्या कॅलेंडरवर लावा. खाली तुमच्या बँकेचा नंबर लिहा. त्याच्याखाली घरातल्या अशा एका माणसाचा नंबर लिहा, ज्याला रात्री दोन वाजताही फोन करायला कुणाला संकोच वाटणार नाही.